बेताच्या पैशांत लॅपटॉप : नेमके काय पाहावे?

लॅपटॉपच्या जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत दोन गोष्टी छापलेल्या असतात : प्रोसेसरचे नाव आणि साठवणुकीचा आकडा. 'आय-७ प्रोसेसर, एक टेराबाइट हार्ड डिस्क' असे वाचले की यंत्र दमदार असणार, असे आपल्याला वाटते. तेच यंत्र वर्गात सुरू व्हायला तीन-चार मिनिटे घेऊ लागले, की पस्तीस मिनिटांच्या तासाचा दहावा हिस्सा रोज वाट पाहण्यात जातो. शिक्षक किंवा विद्यार्थी लॅपटॉप घेतात तेव्हा पुढची पाच-सहा वर्षे बहुधा तोच वापरायचा असतो. निवड चुकली तर लगेच दुसरा घेण्याइतके पैसे नसतात. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी यंत्राचा वेग कशावर अवलंबून असतो, हे समजून घेऊ.

ओटा आणि फडताळ

संगणकात माहिती मुख्यतः दोन ठिकाणी असते. कायमची साठवण हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर होते. चालू कामाला लागणारी माहिती रॅममध्ये आणली जाते; यंत्र बंद केले की रॅम कोरी होते. स्वयंपाकघराशी तुलना करायची तर साठवण म्हणजे फडताळ, रॅम म्हणजे ओटा आणि प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी व्यक्ती. तिचे हात कितीही चपळ असले, तरी फडताळातून डबा येईपर्यंत तिला थांबावेच लागते.

हे थांबणे किती असते, याचा हिशेब शाळेतल्या गणिताने करता येतो. लॅपटॉपमधील साध्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला ६० ÷ ५४०० = ०.०११ सेकंद, अर्थात ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात. त्याआधी हेड योग्य वर्तुळावर सरकवायला सुमारे दहा मिलिसेकंद लागलेले असतात. एकूण वेळ झाला सुमारे १५ मिलिसेकंद. या गतीने विखुरलेल्या जागांवरचे तुकडे सेकंदाला फार तर साठ-सत्तर वाचून होतात. यंत्र सुरू होताना तर असे हजारो तुकडे वाचावे लागतात.

एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. माहिती अर्धवाहकाच्या चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते. ती वाचायला सुमारे ०.१ मिलिसेकंद पुरतो. रॅमला लागणारा वेळ याच्याही हजाराव्या हिश्शाइतका असतो. हे आकडे फार लहान असल्याने डोळ्यांसमोर येत नाहीत. म्हणून रॅममधून वाचायला एक सेकंद लागतो असे समजू. मग एसएसडीला सुमारे १७ मिनिटे आणि हार्ड डिस्कला जवळजवळ पावणेदोन दिवस लागतील!

ओटा अपुरा पडला तर काय होते? एक भांडे ठेवण्यासाठी दुसरे फडताळात टाकावे लागते आणि थोड्या वेळाने पुन्हा काढावे लागते. रॅम भरली की संगणक हेच करतो. प्रोसेसर चांगला असूनही ४ गिगाबाइट रॅमचा लॅपटॉप आठ-दहा पाने उघडली की अडखळतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हे असते.

यावरून पहिले दोन निकष मिळतात. साठवण एसएसडीचीच हवी. २५६ गिगाबाइट असली तरी बहुतेकांना पुरते. जुने फोटो आणि चित्रफिती बाहेरच्या स्वस्त हार्ड डिस्कवर ठेवता येतात. रॅम किमान ८ गिगाबाइट हवी, आणि ती पुढे वाढवण्यासाठी जागा आहे का, हे विचारून घ्यावे. काही यंत्रांत रॅम मुख्य पट्टीवर डाखलेली असते. तिथे पुढे काही करता येत नाही, म्हणून शक्य असल्यास सुरुवातीलाच १६ गिगाबाइट घ्यावी. अगदी स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये ६४ गिगाबाइटची 'ईएमएमसी' साठवण असते. विंडोज ११ ची किमान गरजच ६४ गिगाबाइट आहे. अशा यंत्रात आपल्या कामाला जागा उरणार कुठून?

नावापेक्षा पिढी महत्त्वाची

प्रोसेसरच्या नावातील ३, ५, ७ हे आकडे त्या त्या पिढीतील श्रेणी सांगतात. वेगवेगळ्या पिढ्यांची तुलना त्यावरून होत नाही. इंटेलची दोन उदाहरणे घेऊ. २०१६ च्या 'आय-७ ७५००यू' या प्रोसेसरमध्ये दोन गाभे होते. पुढच्याच वर्षी आलेल्या 'आय-५ ८२५०यू' मध्ये चार होते. दोन्हींची वीज-मर्यादा १५ वॅट. नावाने धाकटा असलेला दुसरा प्रोसेसर अनेक कामांत पहिल्याला मागे टाकतो. या चार आकडी क्रमांकांतील पहिला अंक पिढी दाखवतो : एक सातवी, दुसरी आठवी. पुढच्या पिढ्यांत हेच पहिल्या दोन अंकांवरून कळते. '१२३५यू' म्हणजे बारावी पिढी.

नवा की वापरलेला?

कंपन्या आपल्या कार्यालयांतील लॅपटॉप काही वर्षांनी एकदम बदलतात. ते तपासून, दुरुस्त करून पुन्हा विकले जातात. अशा यंत्रांची बांधणी सहसा मजबूत असते, कळफलक चांगला असतो आणि रॅम किंवा एसएसडी बदलणे सोपे असते. बेताच्या पैशांत हा पर्याय टाळू नये; मात्र पक्की पावती आणि लेखी हमी घेतल्याशिवाय व्यवहारही करू नये.

येथे पिढीचा प्रश्न पुन्हा येतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडल्यास, आठव्या पिढीपासून पुढचे लागतात. त्यामुळे वरच्या उदाहरणातील आय-५ चालतो, आय-७ चालत नाही. सातव्या पिढीचे यंत्र फारच स्वस्त मिळत असेल, तर त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवता येते. लिब्रेऑफिस, जिओजेब्रा आणि युनिकोड मराठी तिथे उत्तम चालतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधील प्रश्नपत्रिका हाताशी असतील, तर त्या तिथे उघडतात का, हे आधी पाहून घ्यावे.

डोळे आणि बॅटरी

१३६६ × ७६८ बिंदूंच्या पडद्यावर साधारण साडेदहा लाख बिंदू असतात, तर १९२० × १०८० च्या पडद्यावर पावणेएकवीस लाख. मराठीतील वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे दुसऱ्यावर स्पष्ट दिसतात. शक्य तर 'आयपीएस' प्रकारचा पडदा घ्यावा. चार मुले बाजूने पाहत असली, तरी त्यावरचे रंग फारसे बदलत नाहीत.

बॅटरीची क्षमता वॅट-तासांत पाहावी. ४२ वॅट-तासांची बॅटरी ७ वॅट खर्चाच्या हलक्या कामाला सहा तास पुरते. वापराने तिची क्षमता ६० टक्क्यांवर आली असेल, तर तीच साडेतीन तासांत संपते. वापरलेल्या यंत्राच्या किमतीत नव्या बॅटरीचा खर्च धरूनच तुलना करावी.

दुकानात करून पाहा

१. यंत्र पूर्ण बंद करून सुरू करा आणि घड्याळ लावा. एसएसडी असेल तर अर्ध्या-पाऊण मिनिटात ते कामाला तयार व्हावे.

२. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबा. उघडणाऱ्या चौकटीतील 'परफॉर्मन्स' या भागात रॅम किती आहे आणि डिस्क कोणत्या प्रकारची आहे, ते दिसते. छापील पत्रकाशी ताडून पाहा.

३. पडद्यावर छायाचित्र उघडून वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी पाहा.

४. बॅटरी पूर्ण भरून अर्धा तास चित्रफीत चालवा. २५ टक्के खर्च झाले, तर ती सुमारे दोन तास पुरणार.

५. कळफलकावर मराठीत एक परिच्छेद टंकून पाहा. प्रत्येक कळ आणि यूएसबीची प्रत्येक खाच तपासा.

पैशांचा क्रम साधारण असा लावावा : आधी एसएसडी, मग रॅम, मग पडदा आणि बॅटरी, त्यानंतर प्रोसेसरची वरची श्रेणी. संगणक ज्या भागासाठी सर्वाधिक वेळ ताटकळतो, तो भाग सुधारला तरच यंत्राला वेग येतो. शाळेत हार्ड डिस्कचा जुना संगणक असेल, तर तो टाकून देण्याआधी त्याला एक लहान एसएसडी बसवून पाहावी. बदलापूर्वी आणि नंतर यंत्र सुरू व्हायला लागणारा वेळ विद्यार्थ्यांकडूनच मोजून घ्यावा. वरचा सारा हिशेब त्यांना स्वतः पडताळून पाहता येईल, आणि कदाचित नव्या यंत्राचा खर्चही वाचेल.