काड्या, नळी आणि मोकळा वेळ

आयआयटी कानपूरचे पदवीधर अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोमध्ये अभियंता होते. १९७८ साली वर्षभराची रजा घेऊन ते होशंगाबादला गेले. मध्य प्रदेशातल्या त्या भागात खेड्यांतल्या शाळांसाठी विज्ञान शिक्षणाचा आगळा कार्यक्रम चालू होता. तिथे त्यांनी काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून जोडखेळ घडवला.

कृती साधी आहे. काड्यांचा गुल खरवडायचा, रबरी नळीचे छोटे तुकडे करायचे आणि तुकड्याच्या दोन्ही टोकांत काड्या खोचायच्या. सांधा हवा तसा वाकतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबून पाहिला, तर आकार सोडत नाही. चौकोन मात्र लगेच कलतो. त्याला कर्णाची काडी जोडली की तोही ताठ उभा राहतो. लोखंडी पूल आणि विजेचे मनोरे त्रिकोणांनी का भरलेले असतात, हे मुलाच्या बोटांना आधी कळतं, भूमितीचं पुस्तक नंतर येतं.

या खेळाला ठरलेला शेवट नाही, हेच त्याचं खरं वैभव! घर करता करता होडी झाली, तर ती होडीच. अशा वेळी ‘असं नाही, असं कर’ म्हणत पुढे सरसावणारा मोठ्यांचा हात फार नुकसान करतो.

पुढे गुप्ता पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात आले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आजही इंटरनेटवर मोफत मिळतात, अनेक मराठीतही.