उवांचे तेरावे

गंगाखेड, पालम, सोनपेठ या तालुक्यांतील ज्या गावांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघून जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी बिऱ्हाड आवरून परत येतात, त्या गावांत, आणि परभणी शहरातील ज्या सुस्थित घरांच्या मुली वसतिगृहात राहून शिकतात त्या घरांतही, ऊ ही सारख्याच हक्काने शिरते. कोपीत एका वाकळेवर चार लेकरे डोक्याला डोके लावून निजतात, वसतिगृहात दोन मैत्रिणी एका पुस्तकावर माना वाकवून बसतात, आणि एवढ्या सान्निध्यावर तिचे स्थलांतर निर्विघ्न पार पडते. कारण तिला उडता येत नाही, उडी मारता येत नाही, सहा पायांच्या नख्यांनी केस धरून चालणे एवढीच तिची विद्या आहे.

आमच्या घरात ती धाकट्या पुतणीच्या वेणीतून आली आणि तिच्या पाठोपाठ शाळेची चिठ्ठी आली. डोके स्वच्छ होईपर्यंत मुलीस पाठवू नये, असा तिचा फर्मानी मजकूर होता, आणि त्यातील 'स्वच्छ' हा शब्द वाचून वहिनीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. वास्तविक ऊ जगते ती रक्तावर, मळावर नव्हे. रोज न्हाणाऱ्या केसांत ती तितक्याच समाधानाने नांदते, आणि डोक्यातील उवांमुळे खाज व निद्रानाश यांपलीकडे सहसा काही अनर्थ ओढवत नाही. अनर्थ करणारी ऊ निराळी. ती कपड्यांच्या शिवणीत राहते, टायफसचा फैलाव तिने केला, आणि 1943-44 च्या हिवाळ्यात इटलीतील नेपल्स शहरात नागरिकांच्या अंगावरील कपड्यांत डीडीटीची भुकटी मारून तिचा बंदोबस्त करण्यात आला. उवांवर विषच हवे ही समजूत त्या काळानंतर जगभर अधिकच बळावली असावी, असे मला वाटते.

आमच्या गल्लीत तर ती फारच बळकट निघाली. बातमी फुटताच सल्ल्यांची आवक सुरू झाली. एकीने घासलेट सुचवले. दुसरीने सीताफळाच्या बियांची पूड, जिला बालाघाटच्या डोंगरालगतच्या या मुलखात कधीच तोटा नसतो. ती उवा मारते हे खोटे नव्हे, परंतु तिचा कण डोळ्यात गेला म्हणजे बुबुळाला गंभीर इजा होते, आणि असे रुग्ण नेत्रवैद्यांच्या पाहण्यात येतात. तिसऱ्या एका गृहस्थांनी कापसावर फवारण्याच्या औषधाचे चार थेंब तेलात मिसळण्याची शिफारस ज्या निश्चिंतपणे केली, ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला; शेतातील ते विष डोक्याच्या कातडीतून अंगात भिनते आणि लेकराच्या जिवावर बेतू शकते. राहिला प्रश्न बाजारातील औषधी शाम्पूचा, तर पर्मेथ्रीनसारख्या द्रव्यांना अनेक देशांतील उवा आता दाद देईनाशा झाल्या आहेत. आईने सर्वांचे ऐकून घेतले आणि "विषाची परीक्षा लेकराच्या डोक्यावर कामून घ्यायची?" एवढेच विचारून कपाटातून फणी काढली.

ही फणी वैदूबाईकडून घेतलेली, लाकडाची, दोन्ही अंगांनी दातांची, आणि दात इतके निकट की त्यांच्या मधून केसाखेरीज काही पार होऊ नये. तिच्या सोबतीला रुंद दातांचा कंगवा, जुन्या धोतराचे पांढरे फडके, कढत पाण्याचे पातेले आणि वाटीभर करडईचे तेल. या जिल्ह्यात करडईचे प्रस्थ मोठे. येथील कृषी विद्यापीठाच्या एका वाणाचे नावच 'परभणी कुसुम' आहे. खोबरेलही तितकेच चालते, साबणाने न्हाल्यावर केसांना लावायचे कंडिशनरही चालते. तेलाने ऊ गुदमरून मरते असा सार्वत्रिक समज आहे, तो मात्र पुरता खरा नव्हे. अंगावरील श्वासरंध्रे मिटून घेऊन ती कित्येक तास तग धरते. ओलाव्याचे आणि तेलाचे खरे कार्य हे की ऊ काही काळ जागच्या जागी थिजते, पळत नाही, आणि केस निसरडे झाल्याने फणी अडत नाही.

रविवारी सकाळी ऊन ओसरीवर पुरते उतरल्यावर काम सुरू झाले. न्हाऊन आलेल्या पुतणीला पाटावर बसवून, ओल्या केसांना मुळापासून टोकापर्यंत तेल चोळून, आईने प्रथम कंगव्याने सगळा गुंता सोडवला. गुंत्यात फणी घालणे म्हणजे लेकराला रडवणे आणि फणीचे दात मोडणे, अशी तिची ताकीद होती. नंतर भांग पाडून केसांचे विभाग केले, एक बोटभर रुंदीची बट हाती घेतली, फणीचे दात डोक्याच्या कातडीला टेकवले आणि एकाच संथ ओढीत ते केसांच्या टोकापर्यंत आणले. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या फडक्यावर पुसायची, फडके उन्हात धरून न्याहाळायचे, आणि मगच दुसरी ओढ घ्यायची. फडक्यावर प्रथम एक तिळाएवढी करडी ऊ उमटली, पाय हलवीत, मग दोन, मग पिलांचा एक बारीक ठिपका, जो मला दिसला नाही व आईला चष्म्याशिवाय दिसला. "कामून हालायलीस गं, बाई?" "आजी, दुखायलंय!" हा संवाद अधूनमधून चालूच होता. कानांच्या मागे आणि मानेच्या खळगीत आई अधिक रेंगाळली, कारण वस्ती तेथेच दाट असते. आमच्या लहानपणी सापडलेली ऊ अंगठ्याच्या नखांवर टक्कन मारली जाई व त्या आवाजात एक प्रकारचा न्याय मिळाल्याचा आनंद असे. आता आईने फडके सरळ कढत पाण्यात बुडवले.

खरी चिकाटी लागते ती लिखांना. मादी दिवसाला सहा ते दहा अंडी घालते आणि प्रत्येक अंडे केसाच्या मुळाशी, कातडीची ऊब मिळेल इतक्या अंतरावर, अशा सरसाने चिकटवते की पाणी, साबण किंवा व्हिनेगर यांना तो बधत नाही. अंगठा व तर्जनी यांच्या नखांत एकेक लीख धरून ती केसावरून ओढून काढणे हाच तिचा उपाय. तथापि कोणती काढायची हेही आईला ठाऊक होते: मुळाशी चिकटलेली तपकिरी ती जिवंत, केसाबरोबर बोटभर दूर गेलेली पांढरी बहुधा रिकामी टरफलेच, कारण केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो आणि तितक्या अवधीत पिलू कधीच निघून गेलेले असते.

फणीची ही विद्या किती पुरातन आहे याची साक्ष दूरदूरच्या मुलखांतून मिळते. इस्रायलमधील लाखीश येथे सापडलेल्या सुमारे 3,700 वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती फणीवर, तिने केसांतील व दाढीतील उवा उपटून काढाव्यात अशी प्रार्थना कोरलेली आहे; 2022 साली ती वाचली गेली, आणि कनानी वर्णमालेतील आजवर मिळालेले पहिले पूर्ण वाक्य म्हणून विद्वानांनी तिचा गौरव केला. आपल्याकडे कौटिल्याने लांबीच्या कोष्टकात आठ लिक्षांची, म्हणजे लिखांची, एक यूका, म्हणजे ऊ, आणि आठ यूकांचा एक यव धरला आहे. अर्थात मौर्यांच्या मोजणीखात्यालाही या जीवाची सूक्ष्म ओळख होती! पण मला आठवते ती गंगाखेडची जनाबाई, जिचे मंदिर गोदातीरी आहे. तुळशीच्या बनात तिने वेणी उकलावी, आणि तिला कोणी नाही म्हणून प्रत्यक्ष विठ्ठलाने हातावर लोणी घेऊन तिचे डोके चोळावे, न्हाऊ घालावे, असे चित्र तिच्या नावावरील अभंगांत आहे. डोक्याची ही सेवा देवाला कमीपणाची वाटली नाही. आमच्या घरातील पुरुषांना मात्र वाटली. त्याच दिवशी घरातील प्रत्येकाचे डोके तपासले पाहिजे, असा आईचा हुकूम होता. भाऊ कामाचे निमित्त काढून पसार होण्याच्या बेतात असता त्याला पाटावर बसवण्यात आले; माझ्या विरळ केसांची तपासणी लवकर आटोपली; आणि सर्वांत मोठा साठा निघाला तो लेकीला कुशीत घेऊन निजणाऱ्या वहिनीच्या अंबाड्यात. ती तपासणी टळली असती तर पुतणीचे डोके आठ दिवसांत पुन्हा भरले असते.

एका बैठकीने मात्र काम संपत नाही, आणि बहुतेक घरे येथेच फसतात. फणीतून निसटलेल्या लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात. त्यांतील पिलाला अंडी घालण्याजोगे होण्यास आणखी नऊ ते बारा दिवस लागतात. म्हणून पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी विंचरण्याची जी पद्धत इंग्लंडात रूढ आहे, तिचे गणित असे की प्रत्येक नवजात पिलू प्रौढ होण्यापूर्वीच फणीत यावे. 2005 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अशा ओल्या विंचरण्याने 57 टक्के मुले उवामुक्त झाली, तर दुकानातील कीटकनाशकाने अवघी 13 टक्के. मी हा हिशेब आईला सांगितला, तेव्हा दिनदर्शिकेवर खुणा करता करता ती म्हणाली, "मग त्यांचं तेरावंच घालू की."

अंथरुणांवर औषध मारण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. डोके सुटलेली ऊ दोन दिवसांत उपाशी मरते. अभ्रे, टॉवेल, ओढण्या कढत पाण्यात धुऊन उन्हात टाकल्या, कंगवे उकळत्या पाण्यातून काढले, की पुरे. शेजाऱ्यांपासून हे लपवू नये, उलट ज्या घरांत मुली एकमेकींकडे खेळायला जातात त्या सर्व घरांनी एकाच दिवशी फणी हाती घ्यावी. तेराव्या दिवशी फडक्यावर एकही जिवंत ऊ न दिसल्यास काम पूर्ण झाले. एक जरी दिसली, तरी तो दिवस पहिला समजून पुन्हा सुरुवात करावी.