मज्जातंतूंचा इशारा

पन्नाशी ओलांडलेल्या एखाद्या गृहस्थाला जमिनीवरून उठताना मांड्या साथ देईनाशा होतात, जिना चढणे जड जाते, तोंडाला सतत कोरड पडते. याचे खापर बहुधा वयावर फोडले जाते आणि शक्तिवर्धक औषधांत महिने निघून जातात. क्वचित प्रसंगी मात्र ही फुप्फुसात दडलेल्या कर्करोगाची आगाऊ सूचना असते. लॅम्बर्ट, ईटन व रूक या अमेरिकन वैद्यकांनी १९५६ मध्ये या विकाराचे वर्णन केले. त्याच्या सुमारे निम्म्या रुग्णांत पुढे फुप्फुसाचा कर्करोग आढळतो; आणि हा कर्करोग प्रामुख्याने धूम्रपान करणाऱ्यांचा आहे.

गाठ फुप्फुसात आणि दुबळेपणा पायांत, हे कसे? काही कर्कपेशींवर एरवी मज्जापेशींत आढळणारी प्रथिने असतात. त्यांच्यावर चालून जाणारी शरीराची प्रतिकारशक्ती आपपरभाव विसरते आणि स्वतःच्या मज्जासंस्थेवरही घाव घालते. गाठ अद्याप लहान व मूक असते. बोलू लागतात ते मज्जातंतू.

हा इशारा वेळीच ऐकणे अगत्याचे आहे. स्तनाच्या वा बीजांडकोशाच्या कर्करोगात कधी कधी लहान मेंदूवर असाच आघात होतो. काही आठवड्यांतच तोल जातो, वाणी अडखळते. तेथील पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. पुढे गाठ काढली तरी गेलेला तोल सहसा परत येत नाही. उलट लॅम्बर्ट-ईटन विकारात मूळ कर्करोगावर उपचार होताच स्नायूंचे बळ अनेकदा सुधारते.

अर्थात, प्रत्येक मुंगीमागे कर्करोग शोधणे हा शहाणपणा नव्हे. मधुमेह, जीवनसत्त्वांची उणीव, मणक्यांचे विकार ही कारणे कितीतरी पटींनी अधिक आढळतात. परंतु दुर्मीळ म्हणजे दुर्लक्षणीय नव्हे. लक्षणे आठवड्यागणिक बळावत असतील आणि नेहमीची कारणे लागू पडत नसतील, तर प्रतिपिंडांसाठी रक्ताची तपासणी आणि छातीचा व पोटाचा सी.टी. स्कॅन यांत चालढकल होऊ नये. संशय दाट असेल, तर पहिली तपासणी निर्दोष आली म्हणूनही प्रकरण मिटवता येत नाही. चार ते सहा महिन्यांच्या अंतराने, दोन वर्षांपर्यंत, ती पुन्हा करावी लागते.

येथेच आपली व्यवस्था उणी पडते. मज्जातज्ज्ञ एका शहरात, कर्करोगतज्ज्ञ दुसऱ्या, आणि कागदांची पिशवी घेऊन हिंडणारा रुग्ण दोहोंच्या मध्ये! जिल्हा रुग्णालयांतून या दोन शाखांचा नियमित विचारविनिमय घडवणे अशक्य नाही. शरीराने दिलेली सूचना केवळ ती ऐकणारे कोणी नव्हते म्हणून वाया जावी, हे कोणत्याही आरोग्यव्यवस्थेला शोभणारे नाही.