राइझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया

राइझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया हे मुंबईतील फ्रीमेसन बंधुसंघाचे एक लॉज होय. डिसेंबर १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या अधिकाराखाली त्याची स्थापना झाली. एतद्देशीयांना सभासद करून घेण्याच्या उद्देशाने काढलेले पश्चिम हिंदुस्थानातील हे पहिले लॉज. ‘लॉज’ हा शब्द आपण आज उतरण्याच्या जागेसाठी वापरतो. येथे मात्र संघाची स्थानिक शाखा असा त्याचा अर्थ घ्यावयाचा आहे.

पार्श्वभूमी

फ्रीमेसन संघाचा उगम ब्रिटनमधील गवंड्यांच्या जुन्या संघांशी जोडला जातो. म्हणूनच गुण्या, कंपास, ओळंबा ही गवंडीकामाची साधने त्याची चिन्हे झाली. लंडनमध्ये १७१७ साली पहिले ग्रँड लॉज स्थापन झाले आणि १७३० च्या सुमारास कंपनी सरकारच्या नोकरांबरोबर हा संघ कलकत्त्यास पोहोचला. सभासदाची एका परमेश्वरावर श्रद्धा असावी, मग त्याचा धर्म कोणताही असो, आणि सभेत धर्म व राजकारण यांवर वाद घालू नये, हे त्याचे मूळ नियम. नियम असे उदार असले तरी नवा सभासद घ्यावयाचा तो गुप्त मतदानाने. पेटीत पांढऱ्या व काळ्या गोट्या टाकल्या जात, आणि थोड्याशा काळ्या गोट्याही नकारास पुरत. कर्नाटकच्या नबाबाचे पुत्र उमदत-उल-उमरा यांना १७७० च्या दशकात प्रवेश मिळाला होता. परंतु एका राजपुत्रासाठी उघडलेले दार इतरांसाठी उघडेच राहिले असे झाले नाही.

जेम्स बर्न्स

लॉजचे संस्थापक व पहिले मास्टर, म्हणजे अध्यक्ष, डॉ. जेम्स बर्न्स (१८०१–१८६२) हे स्कॉटलंडमधील माँट्रोझ गावचे. कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या घराण्याशी त्यांचे नाते होते. काबूल येथे १८४१ साली मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स हे त्यांचे धाकटे बंधू. जेम्स हे कच्छमध्ये डॉक्टर असताना सिंधच्या अमिरांनी त्यांना उपचारांसाठी बोलावले. त्या भेटीवर त्यांनी पुस्तक लिहिले. पुढे मुंबईत ते स्कॉटिश फ्रीमेसनरीचे पश्चिम हिंदुस्थानातील प्रमुख झाले.

सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालयाची, म्हणजे आजच्या जे. जे.ची, कोनशिला ३ जानेवारी १८४३ रोजी बर्न्स यांच्या हस्ते फ्रीमेसन पद्धतीच्या समारंभाने बसविण्यात आली. पारशी गृहस्थाच्या देणगीतून उभ्या राहणाऱ्या इमारतीपुढे युरोपीय ‘बंधू’ मिरवणुकीने आले. त्याच वर्षी, आणखी एका पारशी गृहस्थाच्या निमित्ताने, हे बंधुत्व कसोटीस लागले.

माणेकजी करसेटजी

माणेकजी करसेटजी (१८०८–१८८७) यांनी युरोपच्या प्रवासात पॅरिस येथील एका लॉजमध्ये दीक्षा घेतली होती. संघाच्या दृष्टीने ते रीतसर ‘बंधू’ होते. मुंबईस परतल्यावर त्यांनी येथील लॉज पर्सिव्हिअरन्समध्ये येऊ इच्छिले. तेथील युरोपीय सभासदांनी त्यांना नाकारले. पॅरिसला जो बंधू, तो मुंबईस परका, असा हा प्रकार. माणेकजींना अशा नकाराची ओळख नव्हती असे नाही. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेनेही त्यांना आधी नाकारून मगच, १८४० साली, सभासद करून घेतले होते.

या नकारातून राइझिंग स्टारचा जन्म झाला. बर्न्स यांनी जुन्या लॉजशी भांडत बसण्याऐवजी नवे लॉज काढले आणि त्यात पारशी व मुसलमान सभासदांना प्रवेश दिला. शपथ ज्याने त्याने आपापल्या धर्मग्रंथावर घ्यावयाची असल्याने अवेस्ता आणि कुराण यांना तेथे बायबलइतकाच मान मिळाला. हे पाऊल त्या काळात मोठेच होते. तथापि एतद्देशीयांसाठी वेगळे लॉज काढणे म्हणजे दार उघडणे आणि त्याच वेळी भिंत कायम ठेवणेही होते, ही गोष्ट बर्न्स यांची थोरवी सांगताना विसरता येत नाही.

माणेकजी पुढे स्मॉल कॉज कोर्टात न्यायाधीश झाले. मुलींना इंग्रजी शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी १८६३ साली अलेक्झांड्रा शाळा काढली. ती फोर्टात आजही आहे. भायखळ्याच्या उड्डाणपुलाच्या दोन फाट्यांमध्ये उभा असलेला ‘खडा पारशी’ हा पुतळा त्यांचाच असल्याचा अनेकांचा समज असतो. वस्तुतः तो त्यांच्या वडिलांचा, करसेटजी माणेकजी यांचा असून माणेकजींनी तो उभारविला. पितापुत्रांच्या नावांचा क्रम तेवढा उलटा असल्याने हा गोंधळ होतो.

हिंदूंचा प्रवेश

हिंदूंचा प्रश्न अधिक काळ रेंगाळला. अनेक देव मानणाऱ्यास एकेश्वराची अट कशी लागू करावी, आणि जातिबंधने पाळणारा मनुष्य बंधूंच्या पंक्तीस कसा बसेल, असे आक्षेप घेतले जात. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ साली अर्ज केला. त्यांना प्रवेश मिळाला तो १८७२ साली. त्यानंतर बारा वर्षांनी, १८८४ मध्ये, त्याच शहरातील अँकर अँड होप लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढील स्वामी विवेकानंद, यांनी दीक्षा घेतली.

सहभोजनाची अडचण आपल्याकडे केवढी होती हे परमहंस सभेवरून कळते. राइझिंग स्टारनंतर सहाच वर्षांनी मुंबईत निघालेल्या या सभेतील सुशिक्षित हिंदू तरुण गुप्तपणे एकत्र जेवत, आणि सभासदांची नावे फुटताच सभा मोडली.

खरशेदजी रुस्तमजी कामा

खरशेदजी कामा (१८३१–१९०९) यांनी १८५४ साली या लॉजमध्ये दीक्षा घेतली. व्यापारासाठी ते दादाभाई नौरोजींबरोबर विलायतेस गेले. परंतु त्यांचे मन रमले ते प्राचीन इराणी भाषांत. युरोपातील पंडितांकडून तौलनिक भाषाशास्त्राची पद्धत शिकून ते परतले आणि १८६१ पासून आपल्या घरी तरुणांना अवेस्ता व पहलवी शिकवू लागले. पाठांतराने चालत आलेल्या प्रार्थनांचा अर्थ व्याकरणाच्या आधारे लावण्याची सवय पारशी समाजास लागली ती मुख्यतः या घरगुती वर्गामुळे. शिक्षकी पेशातील वाचकांस त्यांचे हे काम विशेष वाटेल. मिथ्र-उपासनेतील गुप्त विधी व फ्रीमेसनरी या विषयांवरही त्यांनी व्याख्याने दिली. त्यांच्या स्मरणार्थ १९१६ साली कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट स्थापन झाली.

येथेही नावांची गल्लत टाळावी. कामा रुग्णालय पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिले, तर १९०७ साली स्टुटगार्ट येथे हिंदी स्वातंत्र्याचा ध्वज फडकविणाऱ्या मादाम भिकाईजी कामा या खरशेदजींच्या स्नुषा. सासरे फ्रीमेसन बंधुसंघाचे मान्यवर सभासद आणि सून ब्रिटिश राजवटीची उघड वैरी, असे हे एकच घर होते.