फिजिओथेरपी घरबसल्या शिकता येते का?

बारावीचा निकाल लागला की पालक आम्हा शिक्षकांना हमखास विचारतात, "सर, सगळं मोबाईलवर मिळतंय, मग फिजिओथेरपीसाठी मुलीला बाहेरगावी कशाला पाठवायचं?" प्रश्न खर्चाचा असतो, काळजीचाही.

गुडघा किती वाकतो हे मोजायचं साधं काम घ्या. गोनिओमीटरचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या उंचवट्यावर ठेवायचा, एक पट्टी मांडीच्या रेषेत, दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. निरोगी गुडघा साधारण 135 अंश वाकतो. व्हिडिओ थांबवून थांबवून हे दहादा बघता येतं. वर्गात मागे उभ्या असलेल्यांना एकदाही नीट दिसत नाही. म्हणून आदल्या रात्री बघून गेलेली मुलगी प्रॅक्टिकलला लवकर सरावते. स्वतःचा सराव शूट करून शिक्षकांना दाखवला तर चूकही सापडते.

पण तो उंचवटा बोटांनी चाचपून शोधणं, सांधा शेवटी मऊ अडतो की कडक हे ओळखणं, स्क्रीनवर जमत नाही. त्याला समोर माणूस लागतो, आणि हात धरून दुरुस्त करणारा शिक्षक. नाहीतर पेशंटचं दुखणं वाढायचं! तेव्हा 'घरबसल्या फिजिओथेरपिस्ट व्हा' अशा जाहिरातींवर पैसे घालू नका. प्रवेशाआधी कॉलेजलाच विचारा: प्रॅक्टिकल किती होतात, ओपीडीत पेशंट येतात का, सरावात मुलींच्या जोड्या मुलींशीच लावतात का.