लोकव्युत्पत्ती : मुंबई उपनगरांतील स्थलनामांच्या संदर्भात

प्रस्तावना

शब्दाचे मूळ शोधण्याची ओढ केवळ भाषाशास्त्रज्ञांनाच असते असे नाही. अपरिचित नावात परिचित अर्थ पाहणे ही सर्वसामान्य भाषिकाचीही प्रवृत्ती आहे. निव्वळ ध्वनिसाम्यावर रचलेल्या अशा स्पष्टीकरणास 'लोकव्युत्पत्ती' असे म्हणतात. मुंबईच्या उपनगरांत अनेक भाषांचे लोक एकत्र आल्यामुळे या प्रकाराची उदाहरणे तेथे विपुल आढळतात. प्रस्तुत लेखात त्यांपैकी काहींचा विचार केला आहे.

ध्वनिसाम्य आणि पुरावा

घाटकोपर म्हणजे 'घाट के ऊपर', असे गमतीने व कधी गंभीरपणेही सांगितले जाते. परंतु 'के ऊपर' ही हिंदीची रचना आहे. मराठी भाषक 'घाटावर' असे म्हणेल. शिवाय कोपर, कोपरखैरणे, कोपरगाव या नावांत 'कोपर' हे पद घाटावाचून स्वतंत्रपणे येते. एका नावाला लागू पडणारे स्पष्टीकरण त्याच वर्गातील इतर नावांना लागू पडत नसेल, तर ते संशयास्पद ठरते. उलट बोरिवली, कांदिवली, डोंबिवली यांतील 'वली' हे पद संस्कृत 'पल्ली' (वस्ती) या शब्दापर्यंत नेता येते, कारण स्वरांमधील 'प'चा 'व' होणे हा प्राकृतातील नियमित बदल आहे.

बोरिवलीजवळील मागाठाणे हे नाव नुसते ऐकणाऱ्यास 'मागचे ठाणे' असा अर्थ सुचणे स्वाभाविक आहे. तथापि कान्हेरीच्या शिलालेखात 'मंगलस्थान' असा उल्लेख येतो व अभ्यासकांनी ते ठिकाण मागाठाणे असल्याचे मानले आहे. खुद्द कान्हेरीचे 'कृष्णगिरी' हे रूपही तेथील 9व्या शतकातील लेखांत कोरलेले आहे. येथे निर्णय कानाने न होता लेखाने होतो, हा भेद महत्त्वाचा आहे.

'मुंबई' या नावाबाबतही हेच घडले. पोर्तुगीज भाषेतील 'बोम बाइया' (चांगली खाडी) यापासून 'बॉम्बे' आले, हे मत दीर्घकाळ प्रचलित होते. मात्र पोर्तुगीजमध्ये 'बाइया' हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने त्याचे विशेषण 'बोआ' असावयास हवे. केवळ व्याकरणाच्या कसोटीवरही हे मत टिकत नाही.

लोकसंस्कृतीचा वाटा

नवी लोकव्युत्पत्ती जाहिरातीतूनही जन्मते. विलेपार्ले येथे 1929 साली सुरू झालेल्या कारखान्याने पार्ले हे गावाचे नाव बिस्किटाला दिले. 'पार्ले-जी' मधील 'जी' हे अक्षर मुळात ग्लुकोजचे. पुढे जाहिरातींनी त्याचा अर्थ 'जीनियस' असा लावला. कारखाना 2016 साली बंद झाला, परंतु नवा अर्थ रूढ झाला.

वेल्समधील बेडगेलर्ट या गावाचे उदाहरण याच जातीचे आहे. या नावाचा अर्थ 'गेलर्टची समाधी'. धन्याच्या बाळाला वाचवूनही गैरसमजाने मारला गेलेला गेलर्ट नावाचा इमानी कुत्रा तेथे पुरला आहे, अशी कथा 18व्या शतकाच्या अखेरीस तेथील एका खाणावळवाल्याने गावाशी जोडली, असे मानले जाते. मराठी वाचकास पंचतंत्रातील ब्राह्मणी व मुंगूस यांची कथा लगेच आठवेल. फिरती कथा गावाच्या नावाला चिकटली आणि नावच तिचा पुरावा मानले गेले.

विनोदापलीकडे

विनोद म्हणून लोकव्युत्पत्ती निरुपद्रवी आहे; इतकेच नव्हे, तर बहुभाषक समाज परक्या नावाला कसे आपलेसे करतो हे तिच्यातून कळते. अडचण उद्भवते ती तिला इतिहासाचा पुरावा मानल्यावर. पु. ना. ओक (1917–2007) यांनी 'व्हॅटिकन' म्हणजे 'वाटिका', 'ताजमहाल' म्हणजे 'तेजोमहालय' अशा ध्वनिसाम्यांवर इतिहासाची मांडणी केली. ताजमहालाविषयीची त्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली फेटाळली. तरीही हा समज आजही प्रसृत होतो.

समारोप

कोणत्याही व्युत्पत्तीला तीन प्रश्न विचारणे आवश्यक आहे : नावाचे सर्वांत जुने लिखित रूप कोणते? सुचविलेला ध्वनिबदल त्या भाषेत अन्यत्र आढळतो काय? त्याच वर्गातील इतर नावांना ते स्पष्टीकरण लागू पडते काय? विद्यार्थ्यांनी आपल्याच गावाचे नाव या कसोट्यांवर तपासले, तर गंमत आणि पुरावा यांतील सीमारेषा त्यांना वर्गातच ओळखता येईल.