टिपऱ्यांची डायरी : पुन्हा बघताना

लातूरला नीटच्या क्लाससाठी राहणारी भाची सुट्टीत नांदेडला आली. जेवताना 'श्रीयुत गंगाधर टिपरे' लावलं. पोरीनं लागोपाठ तीन भाग संपवले आणि विचारलं, "मामा, शेवटी हे डायरी कामून लिहितात?"

प्रश्न भारी होता, म्हणून ही पोस्ट.

मालिका २००१ साली अल्फा मराठीवर, म्हणजे आताच्या झी मराठीवर सुरू झाली. दिग्दर्शक केदार शिंदे. मूळ दिलीप प्रभावळकरांचं पुस्तक 'अनुदिनी'. आबा, म्हणजे टिपरे आजोबा, झाले तेही प्रभावळकरच, तेव्हा वय अवघं ५७! त्याआधी दूरदर्शनवर चिमणरावही त्यांनीच गाजवला होता.

आता डायरी. घरात आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शलाका आणि शिऱ्या. घडतं सगळ्यांसमोर, पण भागाच्या शेवटी लिहितं त्यांतलं कुणीतरी एकच. बाकी चौघांना काय वाटलं, ते आपण ताडायचं. माझ्या मते विनोद इथंच पिकतो. ज्या गोष्टीवर आपण आत्ता हसलो, तीच लिहिणाऱ्याला लागलेली असते.

आणि डायरी म्हणजे घरातला एकमेव खाजगी कोपरा. जेवताना जे बोलता येत नाही ते तिथं उतरतं. श्यामलाच्या नोंदी नीट ऐका, शुभांगी गोखले कमाल करतात.

तक्रार एकच. घर पक्कं मुंबईचं. मराठवाडी बोलीला असं साधं, रोजचं घर टीव्हीवर क्वचितच मिळतं. आपल्या वाट्याला बहुतेक इरसाल पात्रंच. (मकरंद अनासपुरेंनी त्यातही बाजी मारली, ते वेगळं.)

तुमचा आवडता भाग कोणता?